रायफलच्या तोंडावर पिवळा फुगा

रानात वाघ ओरडत होता आणि मी त्याच्या दिशेनं धावत होते.

वाघ खरा नव्हता, शाकिरच्या जुन्या मोबाइलमधला होता. शाकिरच्या ट्रॅक्टरला वरातीचा भोंगा आहे. त्यातून तो मोबाइलमधला वाघ सोडतो, आणि आमच्या उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, लपलेली रानडुकरं वाघ आला समजून पलीकडे पळतात. पलीकडे, नाल्याच्या काठावर, रायफल घेऊन माझे यजमान बसलेले. रामराव. फौजेतले हवालदार, निवृत्त होऊन सात वर्षं झाली. आमच्या शिवारात रायफलीचा परवाना त्यांचा एकट्याचा.

त्या रायफलीच्या नळीत कापसाचा बोळा होता.

मी घातलेला.

त्यांना माहीत नव्हतं.

मी धावतेच आहे, पण तुम्ही जरा थांबा. आधी फुगा सांगते. फुगा कळल्याशिवाय बोळा कळायचा नाही.

*

फुगा म्हणजे पोरांचा असतो तोच.

रायफल घरात कोरडी असली तर तिचं काही बिघडत नाही. बिघडतं रानात. धुकं उतरतं, आम्ही त्याला धुई म्हणतो, दव पडतं, माणूस बांधावर पालथा झाला की नळीचं तोंड मातीत जातं. आत पाण्याचा एक थेंब राहिला तरी दुसऱ्या दिवशी तांबूस डाग. आतले आटे गंजले की गोळी सरळ जात नाही. हे सगळं मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे, भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, सुट्टीवर आलेल्या माणसाशी दुसरं काही बोलायचं असताना.

म्हणून ते नळीच्या तोंडावर फुगा चढवतात. न फुगवता, टोपीसारखा. वेळ आली तर काढायचीही गरज नाही, गोळी फुगा फाडून निघून जाते.

ही युक्ती मलकापूरच्या अब्दुल गनींची. बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा, डोळ्यांवर जाड काचा, दुकानात रॉकेलचा वास. त्यांनी यजमानांना सांगितलं होतं, "हवालदारसाब, बाहर से बंद करो. अंदर कुछ मत डालो."

यातलं दुसरं वाक्य मी ऐकलं नाही. मी तेव्हा समोरच्या दुकानात पोती शिवायचं दाभण निवडत होते.

*

वाघ ओरडतोय. गोळी नाही. अजून नाही.

पायात काटा. राहू दे.

*

अबोला. चौथा दिवस.

भांडण पऱ्हाटीवरून. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडाला अळी लागणार नाही असं सगळेच म्हणत होते, आणि बरीच वर्षं लागलीही नाही. आता बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळते. दिवाळीनंतर पीक उपटून टाका असं सगळीकडून सांगतात. आमचे हवालदार ऐकत नाहीत. त्यांनी नाल्याकाठच्या तीन एकरांत फरदड ठेवली, म्हणजे वेचण्या संपल्यावरही पीक न उपटता पुन्हा पाणी दिलं. पौष आला तरी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी उभी. दिवसा तिच्यात डुकरं झोपतात, अंधार पडला की शेजाऱ्यांच्या हरभऱ्यात उतरतात.

मी म्हटलं, "उपटा आता. बोंडात अळी, बुडात डुकरं."

"एक वेचणी होते अजून."

"कोणाची? डुकरायची?"

हे मी घरात म्हटलं असतं तर चाललं असतं. मी ओट्यावर म्हटलं. पाच माणसं बसली होती, पाचही हसली. त्यानंतर यजमान माझ्याशी बोलले नाहीत. मग मीही बोलले नाही. तो दिवस, दुसरा, तिसरा, आणि आजचा.

शेजाऱ्यांनी आधीच अर्ज केले होते, वनखात्यानं डुकरं मारायला तीन दिवसांचा परवाना दिला. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. दोन दिवस धुईतच गेले. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही, दुसऱ्या दिवशी दिसलं ते शेजाऱ्याचं वासरू होतं. आज तिसरा.

*

काल संध्याकाळी ते ओले होऊन आले. रायफल पुसली. मग फुलथ्रू काढला. ही एक दोरी असते, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला तेलाची चिंदी. वजन नळीतून सोडायचं आणि दोरी ओढायची, की चिंदी आतून नळी पुसत येते. एरवी मी रायफल धरते आणि ते दोरी ओढतात. काल त्यांनी दोरीचं टोक दाराच्या कडीला बांधलं आणि रायफल घेऊन एकटेच मागे मागे सरकत गेले. मी चुलीशी बसून पाहत होते. कडीला सांगतील, पण मला नाही.

मग हिरवा फुगा चढवला, रायफल खुंटीला अडकवली, आणि उद्याचं ठरवायला चौकात गेले.

खुंटीखाली कापूस. आमची पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. भाव येईल म्हणून थांबलेला कापूस. कापूस घरात आला की घर आपलं राहत नाही. अंगाला खाज, पाण्यात तंतू, भाकरीवर तंतू. मी पोतं शिवायला बसले. हातात दाभण. दोरा ओढायला हात वर नेला.

फट्ट.

मी खाली वाकले, दोन्ही कानांवर हात. मग पाहिलं. हिरव्या फुग्याची चिंधी लोंबत होती, नळीचं तोंड उघडं, आणि खोलीभर कापूस उडत होता.

फुग्यांचं पाकीट सापडेना. त्यांच्या पेटीत नाही. कोनाड्यात नाही. आणि बाहेर पुन्हा धुई उतरायला लागलेली.

आमच्या घरात कशालाही कापूसच लागतो. कान ठणकला, कापूस. अत्तराची बाटली सांडायला लागली, कापूस. देवापुढची वात. सासूबाई गेल्या तेव्हा नाकपुड्यांत. हाताशी घरभर कापूस असताना दुसरं काय सुचणार? मी सरकी काढून टाकली, घट्ट बोळा केला आणि नळीत घातला. बोट पुरेना. पऱ्हाटीची वाळलेली काडी घेतली आणि ठासला. वीतभर गेला. आणखी थोडा. काडीचं टोक आत मोडलं. राहू दे म्हटलं, घट्ट बसेल.

मग पाकीट सापडलं. त्यांच्या जुन्या फौजी कोटाच्या खिशात. वरचाच फुगा काढला, पिवळा, आणि चढवला.

आत कापूस, बाहेर फुगा. दुहेरी बंदोबस्त. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. सकाळी सांगायचं ठरवलं. तेवढ्यावरून बोलणं सुरू होईल.

सकाळी वनरक्षकाची मोटारसायकल दारात, चला चला. मी चहा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. खुंटीवरून रायफल काढली. फुग्याकडे पाहिलं. पाहिलं हे मला दिसलं. मग रायफल खोळीत घातली आणि निघाले. बोल्ट काढून नळी उजेडाला धरून बघायची त्यांची सवय. आज धरली नाही. फुगा जागेवर म्हणजे नळी साफ.

मी चहा चुलीत ओतला.

*

वाघ ओरडतोय.

मोसंबीचं कुंपण. लुगडं अडकलं, फाटलं. गोळी नाही.

*

धुई दहाला फिटली. हाक्याला, म्हणजे डुकरं हाकायला, निघण्याआधी कचरूबाबांनी चौकात सगळ्यांना उभं केलं. कचरूबाबा जुने हाकेवाले. आता गुडघे गेले, म्हणून आमच्याबरोबर वरच्या वावरात कापूस तोलायला येतात. पण नियम अजून तेच सांगतात.

"ऐका बे! भोंगा चालू तवर हाका चालू. भोंगा बंद झाला की सगळ्यायनं गप. कोणी खोकायचं नाई. अन् हवालदार, तुमी बोट घोड्यावरून काढायचं, नळी आभायाकडं. काऊन का भोंगा बंद झाला म्हणजे मधात माणूस आलं."

"मले शिकवता का बाबा?" यजमान म्हणाले.

"तुमाले नाई. तुमच्या बोटाले शिकवतो."

सगळे हसले. ओट्यावर हसले होते तेच.

आम्ही बायका वरच्या वावरात वेचणीला गेलो, तिथली पेरणी उशिराची. सडकेच्या कडेला, हाक्यापासून लांब. सोजराबाई माझ्या शेजारच्या तासात, म्हणजे ओळीत, वेचत होती. तिचा कान दुखत होता. तिनं बोंडातून कापूस उपटला, चोळला आणि कानात घातला.

मी म्हटलं, "काल म्या बी असंच केलं. ह्यायच्या रायफलीच्या कानात बोळा घातला."

"काऊन वं? तिचा बी कान दुखे का?"

"वल जाऊ नये म्हणून."

"बाई माय," सोजराबाई हसायला लागली, "आता एक टोपरं बी शिव तिले. काजळ लाव."

मीही हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

कचरूबाबा तोलकाट्याजवळ बसले होते. ते हसले नाहीत.

"काढला ना पण?"

"काय?"

"बोळा. सकाळी काढला ना?"

मी खाली नाल्याकडे पाहिलं.

कचरूबाबांनी डावा हात वर केला. तीन बोटं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तीनच पाहिलेली, कधी विचारलं नव्हतं.

"चिखल होता," ते म्हणाले. "नाल्यातला. ठासणीची बंदूक, मी घसरलो, तोंड चिखलात गेलं. दोन बोटं चिखल, पोरी, जास्त नाई. गोळीले वाट भेटली नाई, मंग ते नळीच फाडून निंघाली. ते तर साधी दारू होती. हे रायफल हाय. हिच्यात बोटावर भागत नाई."

आणि खाली नाल्याकडे वाघ ओरडला. हाका सुरू झाला होता.

मी ह्यांच्या मोबाइलवर फोन लावला. मग आठवलं. रानात वाजू नये म्हणून ते मोबाइल घरी ठेवतात. तो आता कापसाच्या खोलीतल्या फळीवर एकटाच वाजत असेल. शाकिरला लावला. वाजला, वाजला, वाजला. वाघाचा जुना मोबाइल भोंग्याला जोडलेला, हा दुसरा त्याच्या खिशात असणार, आणि खिशातलं त्या वाघापुढे कोणाला ऐकू येणार?

"पळ," कचरूबाबा म्हणाले.

*

आता तुम्ही माझ्याबरोबर आहात.

कुंपण झालं. गोळी नाही. पांदण. चिखल. चप्पल गेली. कमरेला कापसाची ओटी तशीच, दोनेक किलो, ती सोडायला हवी. गाठ सुटत नाही. धावता धावता मी कापूस उपसून फेकते आहे. मागे पांढरी रेघ पडत असणार.

गोळी नाही.

पांदण जिथे संपते तिथे तीन वाटा. उजवीकडची नाल्याच्या कडेनं फिरून ह्यांच्यापर्यंत जाते. लांब आहे. तेवढ्यात गोळी सुटेल. समोरची वाट म्हणजे वाट नाहीच, आमची पऱ्हाटी, सरळ आत घुसायचं, दोनशे पावलं, आणि पलीकडे ते.

मी आत घुसले.

दहा पावलं गेले असेन. पऱ्हाटी माझ्या डोक्याएवढी. वाळलेली बोंडं गालाला ओरबाडतात. मी हात मारला की शेंडे हलतात. शेंडे हलतात, आणि मग लक्षात आलं की पलीकडून ते नेमके शेंड्यांकडेच पाहत असणार. शेंडा हलला की डुक्कर. त्यांना मी दिसणार नाही, डुक्कर दिसेल. ते मला वाचवायचं म्हणून नेम चुकवणार नाहीत, कारण मी आहे हे त्यांना ठाऊकच नाही. गोळी सुटली तर नळी त्यांच्या तोंडाशी फुटेल. नाही फुटली तर गोळी माझ्याकडे.

"अहो!" मी ओरडले. वाघानं तो शब्द खाल्ला.

अगदी जवळ, उजव्या हाताला, काहीतरी घुरकलं. काळी पाठ, केस उभे. माझ्याकडे बघितलंही नाही. त्याच्यामागे दुसरं. पिल्लं. सगळी नाल्याकडे.

म्हणजे आता. एवढ्यातच.

मी वळले. मागे. तिसऱ्या वाटेला, डावीकडे, जिकडे वाघ होता.

ट्रॅक्टर बांधावर उभा. शाकिर सीटवर पाय वर घेऊन, कानात बोटं घालून बसलेला. मी चढले कशी ते आठवत नाही. भोंग्याच्या दोन वायरी बॅटरीवर होत्या, एक लाल, एक काळी. दोन्ही धरल्या आणि उपटल्या. पऱ्हाटी उपटतात तशा, मुळासकट.

*

गप्प.

*

शाकिरच्या तोंडाचा आ. त्यानं कानातली बोटं काढली. "भाभी, क्या..."

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. हाताला कापूस लागलेला. तो त्याच्या मिशीला चिकटला.

बांधाबांधानं उभे असलेले हाकेवाले एकामागून एक थांबले. काठ्या थांबल्या. कोणी खोकलं नाही. पऱ्हाटीत खसखस झाली, डावीकडे वळली, लांब गेली. डुकरं नाल्याकडे जायची ती उताराला लागली, हरभऱ्याकडे. ती जाताना सगळ्यांना दिसली. कोणी हलला नाही.

मी मोजत होते. काय मोजत होते माहीत नाही. आकडे नव्हते.

गोळी आली नाही.

मग नाल्याच्या काठावर ते उठून उभे राहिले. रायफल आभाळाकडे. टोकाला पिवळा ठिपका.

*

"कोण आलं मधात?" वनरक्षक ओरडत आला. "माणूस आहे का आत?"

"कोणी नाई," शाकिर म्हणाला. "भाभीनं वायर तोडली."

"काऊन?"

सगळे गोळा झाले. हरभरावाले सगळ्यात पुढे. "अवं बाई, सतरा होते! म्या मोजले. सतरा!" "हवालदारीण, डुकरं पाळले का तुमीनं?" "फरदड तुमची, डुकरं बी तुमचेच, मंग आमाले काऊन बोलावलं?"

मी ट्रॅक्टरवरून उतरले नव्हते. यजमान बांधावरून चालत आले, सावकाश, त्यांची फौजेतली चाल. ट्रॅक्टरजवळ थांबले. माझ्याकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं, चप्पल नव्हती, रक्त होतं.

मी म्हटलं, "नळीत कापूस हाये."

हरभरावाले एक पाऊल मागे सरले.

"काल फुगा फुटला. म्या बोळा घातला. काडीनं ठासला. काडी बी आत मोडली. वरून दुसरा फुगा लावला." आणि मग, पाच माणसांपुढे नव्हे, पंचवीस माणसांपुढे, "वल जाऊ नये म्हणून."

त्यांनी बोल्ट मागे ओढला. तयार असलेली गोळी बाहेर उडून ढेकळात पडली. मग मॅगझिनमधल्या काढल्या. मग बोल्टच काढला आणि खिशात टाकला. फुगा ओढून काढला. नळी आभाळाकडे धरून मागून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रायफल माझ्या हातात दिली.

मी पाहिलं. नळीच्या टोकाला उजेडाचं गोल टिकलीएवढं भोक दिसायला हवं होतं. काळं होतं. नुसतं काळं.

"या अल्ला," शाकिर हळूच म्हणाला.

हरभरावाल्यांपैकी एकानं ढेकळातली गोळी उचलली, पदराला पुसावी तशी सदऱ्याला पुसली आणि ह्यांच्या हातात ठेवली. मग पुन्हा काढून स्वतःच धरून उभा राहिला. काय करावं हे त्याला कळत नसावं.

यजमान ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले. दोन्ही हात मांड्यांवर. एका मुठीत पिवळा फुगा.

"काल हिरवा होता," ते म्हणाले.

चार दिवसांतलं पहिलं वाक्य. मला आधी कळलं नाही.

"म्या हिरवा लावला होता. सकाळी पिवळा दिसला."

"दिसला?"

"हाव."

"मंग?"

त्यांनी हातातल्या फुग्याकडे पाहिलं. तो ओढून ताणला, सोडला. "मंग तुले विचारा लागलं असतं. फुगा काऊन बदलला म्हणून."

मी खाली उतरले. आता उतरता आलं.

*

घरून लोखंडी गज आणला, शाकिर मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. मागून घालून त्यांनी दाबला. हलेना. तेल सोडलं, पुन्हा दाबला. गजानं हात खरचटत होता. शेवटी सुटला तेव्हा पुढून आधी काडीचा तुकडा पडला, मग बोळा. पांढरा घातला होता. पिवळट, ओलसर निघाला, आणि नळीला टेकलेल्या बाजूला गंजाची गोल रेघ. एका रात्रीत. कापसानं ओल अडवली नव्हती, प्यायली होती, आणि आत धरून ठेवली होती.

त्यांनी खिशातून फुलथ्रू काढला. वजन मागून नळीत सोडलं. पुढून बाहेर आलं, दोरी लोंबायला लागली. ट्रॅक्टरला बांधायला कडी होती. मडगार्डवरच होती, हाताजवळ. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मग दोरी माझ्यापुढे धरली.

मी ओढली. चिंदी तांबूस निघाली. दुसरी. तिसरी. मध्ये कोणीतरी विचारलं की आज पुन्हा हाका आहे की नाही, परवाना मावळेपर्यंत आहे, डुकरं उताराला थांबली असतील. शाकिर वायरी जोडत बसला होता, लाल कुठे, काळी कुठे ते त्याला आठवेना आणि तो मलाच विचारत होता, जसं काही मी तोडताना बघितलं होतं. वनरक्षक घड्याळ पाहत होता. पांदणीनं कचरूबाबा काठी टेकत येत होते, माझ्या सांडलेल्या कापसाच्या रेघेवरून, आणि लांबूनच ओरडत होते, "हाये का? हाये का माणूस?"

"हाये बाबा!" यजमान ओरडले.

पाचवी चिंदी पांढरी आली. त्यांनी नळी आभाळाकडे धरली, पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे दिली. टिकलीएवढा उजेड. कडेला एक बारीक डाग राहिलेला, तो जाणार नाही, गनीचाचांकडे न्यावी लागेल.

त्यांच्या अंगात तोच जुना फौजी कोट होता; मी खिशातून पाकीट आणि पाकिटातून फुगा काढला. लाल होता.

"लाल लावून राह्यली मी," मी म्हटलं.

"लाव," ते म्हणाले.